येणे आणि रोकड

व्यापाऱ्याच्या वहीत नफा दोन वाटांनी येतो. माल विकून पैसा गल्ल्यात पडला, ती रोकड. माल गेला पण पैसा यावयाचा आहे, ते येणे. दोन्ही नफ्यातच धरली जातात आणि त्यात लबाडी नाही. उधारीवाचून व्यापार चालत नाही. प्रश्न एवढाच, की शेअरचा भाव ठरविणारा बाजार या दोहोंत भेद करतो काय?

मुंबईला हा प्रश्न 1865 साली पडला. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी पेटली, लँकेशायरचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ती संपत्ती खरीखुरी रोकड होती. परंतु तिच्या जोरावर जे इमले उठले, ते बव्हंशी येण्याचे होते. समुद्र हटविणाऱ्या बॅक बे कंपनीचा 5,000 रुपयांचा शेअर 50,000 च्या घरात गेला, आणि जमीन तर अजून पाण्याखालीच! सौदे 1 जुलै 1865 च्या वायद्याने होत. भाव चढला की फरक नफा म्हणून मांडावयाचा, त्यावर पुढचा सौदा करावयाचा आणि बँकांनी शेअरच्याच तारणावर कर्ज द्यावयाचे. एप्रिलमध्ये जनरल ली शरण गेला, कापूस कोसळला. 1 जुलै उजाडला तेव्हा येणे सर्वांचेच होते, देणारा मात्र सापडेना. प्रेमचंद रायचंदांसारखा बाजाराचा राजाही त्यात बुडाला. बँक ऑफ बाँबेला 1868 मध्ये गाशा गुंडाळावा लागला.

सट्ट्याचे वेड ओसरले म्हणून ही चूक संपली नाही. रिचर्ड स्लोन या अमेरिकन अभ्यासकाने 1996 मध्ये तिकडील कंपन्यांचे 1962 ते 1991 पर्यंतचे हिशेब तपासले. रोकडीतून आलेला नफा पुढील वर्षी अधिक टिकतो, येण्यातला कमी. कारण येणे हा अखेर अंदाज असतो. ऋणको पैसे देईल, साठलेला माल खपेल, असा. बाजार मात्र दोन्ही नफे एकाच तराजूत तोलत होता, म्हणून येण्याने फुगलेले शेअर पुढे मागे पडले. जाणते लोक हे हेरून सौदे करू लागले, तसतसा तो फरक पुढे अमेरिकेत ओसरत गेल्याचेही दिसून आले.

आज कामोठ्यातला नोकरदार घरबसल्या मोबाइलवर शेअर घेतो. कंपनीच्या अहवालात नफ्याच्या पत्रकाबरोबर रोख प्रवाहाचेही पत्रक छापलेले असते. 1865 च्या मुंबईकराला ती सोय नव्हती. आपल्याला आहे, वाचण्याचे कष्ट तेवढे आपले.