छत्रीबाग आणि पंचेचाळीस मिलिमीटरचा रूळ

इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्यातल्या दिवंगतांच्या छत्र्या आहेत. माळव्यात मराठे कायमचे स्थिरावले, त्याची ही खूण. आम्हां गोवेकरांना ती परकी वाटू नये. पेडण्यातल्या केरीचे जिवबादादा बक्षी महादजी शिंद्यांच्या फौजेत किती वर चढले, हे आपण जाणतोच.

तिथे फिरताना मला तुकोजीराव होळकर दुसरे आठवले. त्यांची छत्री या बागेत नाही, ती कृष्णपुऱ्यात आहे. पण त्यांनी मागे ठेवलेली मोठी गोष्ट दगडाची नव्हती, लोखंडाची होती. १८७० साली त्यांनी रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. त्यातून खंडवा ते इंदूर ही होळकर स्टेट रेल्वे उभी राहिली. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडून ती कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढत असे. रूळ मीटरगेजचे, म्हणजे दोन रुळांतले अंतर बरोबर एक मीटर.

आपल्या मुरगावची रेल्वेही मीटरगेजच होती. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहातून तिचा जन्म झाला आणि १८८८ मध्ये ती घाट चढून कॅसलरॉकला पोचली. होळकरांच्या घाटात चढ चाळीसास एक, आपल्या दूधसागरच्या घाटात सदतिसास एक. एक राजाच्या तिजोरीतून झाली, दुसरी परक्या दरबारांच्या करारातून. पण दोन्ही मापाने सख्ख्या बहिणी. आपल्याकडचे मीटरगेज १९९० च्या दशकात गेले. माळव्यातही रुंद रूळ आले, आणि घाटासाठी कमी चढाचा वेगळा मार्ग आखला गेला. पातालपाणी ते कालाकुंड या तुकड्यावर २५ डिसेंबर २०१८ रोजी वारसा गाडी सुरू झाली, तेवढेच समाधान.

माणूस गेला की त्याची छत्री उभी राहते. रेल्वे गेली की तिची छत्री कुठे बांधायची? माझे उत्तर ऐकून कुणाला हसू येईल: घरच्या बागेत!

छोट्या गाडीला पोरखेळ म्हणू नये. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात चांदीची गाडी जेवणाच्या मेजावर फिरत असे. राजवाड्याच्या आवारातल्या अशाच हौसेच्या गाडीतून पुढे दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाईट रेल्वे वाढली आणि जवळपास दोनशे किलोमीटरवरच्या श्योपूरपर्यंत गेली. तीही २०२० मध्ये थांबली. राजे नसलेल्यांनीही ही हौस केली. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले.

बागेतल्या रेल्वेचे रूळ जगभर बहुधा ४५ मिलिमीटर अंतराचे असतात. १९६८ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने या रुळांवर १ : २२.५ या प्रमाणात गाड्या आणल्या. आता ४५ ला २२.५ ने गुणून पाहा. १०१२ मिलिमीटर येतात, म्हणजे जवळजवळ एक मीटर! या मापाने बागेत जो कुणी रूळ टाकतो, तो नकळत मीटरगेजच टाकत असतो. होळकरांचे आणि आपले.

मी परसात नारळाच्या आळ्यांना वळसा घालून असा रूळ मांडायला घेतला, तेव्हा घाट म्हणजे काय ते पहिल्यांदा हाताला कळले. चाळीसास एक म्हणजे चार मीटरमध्ये दहा सेंटिमीटर चढ. डोळ्यांना तो सपाटच दिसतो, पण तीन डबे जोडले की इंजिनाची चाके जागच्या जागी फिरू लागतात. खऱ्या घाटात मागूनही इंजिन का लावत, हे कुणी वेगळे सांगावे लागत नाही. पातालपाणी-कालाकुंड हे साडेनऊ किलोमीटर याच प्रमाणात केले, तरी सव्वाचारशे मीटर होतात. एवढे परसू कुणाचे आहे? मग एक पूल ठेवायचा, एक बोगदा ठेवायचा, बाकी सोडून द्यायचे.

आपल्या पावसात मातीवर टाकलेला रूळ पहिल्या आषाढातच खचतो. म्हणून खाली चिऱ्यांचा पाया, त्यावर बारीक खडी, आणि बाजूने पाण्याला वाट. उन्हात पितळ लांबते, म्हणून सांध्यात थोडी फट. मुरगाव लाइनीच्या गँगमननी या गोष्टींवर आयुष्ये घालवली. त्यांची नावे कुठल्या दगडावर कोरलेली नाहीत. राजाच्या कर्जाचा आकडा इतिहासात राहिला. खडी भरणारा हात राहिला नाही. तो हात आठवायचा तर स्वतः टोपलीभर खडी वाहून पाहावी लागते.

शेजारची मुले विचारतात, ही कुठली गाडी? मी सांगतो, मुरगावची. रुळांतले अंतर इतके कमी का, हे त्यांनी विचारले की मग होळकरांची गोष्ट सुरू होते.