गोवर्धनचे विणकर आणि कुलपातले ग्रंथ



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघते आहे, तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा, असा कार्यकारिणीचा आग्रह झाला. आम्ही काही विद्वान नव्हे. गिरणीत साच्यावर उभं राहून जे हाताला लागेल ते वाचत गेलो, एवढंच आमचं शिक्षण. पण एक गोष्ट मनात सलते आहे, ती या निमित्ताने मांडतो.

रविवारच्या मुलांच्या वर्गात पंचशील झालं आणि सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, पाणातिपाता म्हणजे पाण्याचं काही आहे का?" बाकीची मुलं हसली. आम्हाला मात्र हसू आलं नाही. पाण म्हणजे प्राण, पाणातिपात म्हणजे जीव घेणं, हे आम्ही तिला कधी सांगितलंच नव्हतं. ग्रंथ काढून दाखवावा म्हणून कपाटाकडे गेलो तर कुलूप. किल्ली आणली, तर ग्रंथ लाल कापडात बांधलेले, वर वाळलेली फुलं. पौर्णिमेला बाहेर काढायचे, अगरबत्ती लावायची, पुन्हा आत. ही पद्धत आम्हीच पाडली, दोष दुसऱ्या कुणाचा नाही. ज्यांच्या पूर्वजांना पोथीला हात लावू दिला नाही, त्यांनीच पोथी मिळाल्यावर तिची मूर्ती करून ठेवली! यावर विचार व्हायला नको का?

लेणी काय सांगतात?

आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात २४ लेणी आहेत. भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत. पण ती लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, आणि लोक म्हणू लागले, ही पांडवांची लेणी. अक्षर वाचता आलं नाही की वारसासुद्धा दुसऱ्याच्या नावावर चढतो. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी उलगडली, पुढे अभ्यासकांनी हे लेख वाचले, तेव्हा भिंती बोलू लागल्या.

त्यातला दहाव्या लेण्यातला एक लेख आम्हाला फार जवळचा वाटतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मुद्दल कायम ठेवून व्याजच वापरायचं. ती रक्कम ठेवली कुणाकडे? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे! एका श्रेणीकडे २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १,००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. आता हिशोब करून बघा. २,००० वर महिन्याला २० म्हणजे वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. पैचा फरक नाही. आणि हा व्यवहार निगमसभेत सर्वांना ऐकवून फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे. आत एक, बाहेर एक असं काही नव्हतं.

हे गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडने पश्चिमेला गेलं की गोदाकाठी लागतं तेच. दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या विणकरांच्या पेढीवर भिक्षूंची चीवरं चालत होती. आम्ही साच्यावर काम केलेली माणसं, आम्हाला हे वाचून काय वाटलं असेल! आणि त्याच गोवर्धनच्या परिसरात, गंगापूर धरणाजवळ, आज यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ मध्ये ते स्थापन झालं ते ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांच्यासाठीच. भूमी तीच, परंपराही तीच.

बुद्धवचन आणि लोकांची भाषा

विनयपिटकात चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातले दोन भाऊ भिक्षू झाले होते. ते भगवंतांना म्हणाले, नाना जातीकुळांचे लोक संघात येतात, आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात. आपण ते छंदात, म्हणजे वेदांच्या भाषेत बांधून टाकू. भगवंतांनी त्यांना फटकारलं आणि ज्याने त्याने आपापल्या भाषेत शिकावं अशी अनुज्ञा दिली. म्हणजे ग्रंथ लोकांपर्यंत नेणं ही नवी टूम नाही, तो शास्त्याचाच दंडक आहे.

पुढे सिंहलद्वीपात इ. स. पूर्व पहिल्या शतकात त्रिपिटक लिहिलं गेलं. सिंहली, ब्रह्मी, सयामी अक्षरांत ते टिकलं. भारतात मात्र पाली नावालाही उरली नाही. १८८१ मध्ये लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन झाली. तिने मोलाचं काम केलं, पण तिचे ग्रंथ रोमन अक्षरांत. आपल्या पोराला आपल्याच देशातलं बुद्धवचन वाचायचं तर आधी इंग्रजी अक्षरं गिरवायची, अशी गत होती.

गोव्याचा एक मुलगा

ही कोंडी मराठीत फोडली आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी. १८७६ मध्ये गोव्यात साखवाळ गावी जन्म, शाळेचं शिक्षण जेमतेम. 'बालबोध' हे मुलांचं मासिक, त्यातलं बुद्धचरित्र वाचून त्यांना ध्यास लागला. मुलांसाठी सोप्या भाषेत लिहिलेल्या चार पानांनी केवढं काम केलं बघा! १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ करीत सिंहलद्वीपात पोहोचले, तिथे १९०२ मध्ये श्रामणेर होऊन पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशातही राहिले. कलकत्त्यात पाली शिकवू लागले होते. पण बडोद्याचे सयाजीराव महाराज म्हणाले, महाराष्ट्रात राहा, वर्षाला एक पुस्तक लिहा, दरमहा ५० रुपये देतो. कोसंबींनी कलकत्ता सोडून ते पत्करलं, कारण त्यांना आपल्या माणसांत आणि मराठीत काम करायचं होतं.

फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ ते पाली शिकवत होते. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे यांच्यासारखे विद्यार्थी तिथे घडले. बापटांनी सुत्तनिपात देवनागरीत छापला, राजवाड्यांनी दीघनिकाय मराठीत आणायला हात घातला. कोसंबींची 'बुद्धलीलासारसंग्रह', 'भगवान बुद्ध' ही पुस्तकं आजही मराठी माणूस शब्दकोश न घेता वाचू शकतो. हार्वर्डला ते विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी गेले, आणि तोच माणूस १९३७ मध्ये परळच्या गिरणगावात बहुजन विहार उभा करून कामगारांत राहिला. एवढा मोठा पंडित, पण त्याला चाळीतला माणूस ऐकायला हवा होता.

बाबासाहेबांची देणगी

मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हातात दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं मराठी बुद्धचरित्र ठेवलं, हे आपण जाणतोच. वेळेवर, आपल्या भाषेत मिळालेलं एक पुस्तक काय करू शकतं, याचा याहून मोठा दाखला कुठला? पुढे १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढलं, त्याला नाव पडलं मिलिंद. जो राजा नागसेनाला प्रश्नावर प्रश्न विचारतो, त्याचं नाव! विद्यार्थ्याने कसं शिकावं, हे कॉलेजच्या पाटीवरच लिहून ठेवलं.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये इंग्रजीत निघाला. आठ खंड, आणि आत लहान लहान, क्रमांक घातलेली वाक्यं. एका बैठकीत एक प्रकरण वाचावं, चर्चा करावी, अशीच ही मांडणी. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला आणि कुठलं वचन पालीत कुठे सापडतं तेही शोधून दिलं. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडलं, ही कथा कोसंबींनी तपासायला घेतली, बाबासाहेबांनीही ती पटत नसल्याचं लिहिलं. ग्रंथ उघडा असला की असा प्रश्न करता येतो. कुलपातल्या ग्रंथाला कोण प्रश्न करणार? बाबासाहेबांनी खपून केलेला पाली शब्दकोश राज्य शासनाने १९९८ मध्ये सोळाव्या खंडात छापला. त्यात पाली शब्दाचा अर्थ मराठीतही दिला आहे. सातवीतल्या मुलीचं उत्तर तिथेच होतं, आमच्याच कपाटात!

आता अडचण कसली?

भिक्षू जगदीश काश्यप यांनी नालंदाहून ४१ खंडांत त्रिपिटक देवनागरीत आणलं. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथांसह १४० खंड देवनागरीत काढले, १९९७ मध्ये ते सीडीवरही आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी आणि पाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा दिला. आता लिपीची अडचण नाही, छपाईची नाही. राहिली ती आपली सवय. अकरावी-बारावीला पाली घेणारी आपली मुलं गंगापूर रोडच्या क्लासला जातात, गाईड पाठ करतात, मार्क मिळवतात आणि निकालानंतर पाली विसरतात. त्यात मुलांचा काय दोष?

म्हणून आमची सूचना साधी आहे. कपाटाचं कुलूप काढावं. पुस्तक घरी न्यायला वही ठेवावी, मळलं तरी चालेल, मळलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक. रविवारी एकच गाथा घ्यावी. आधी पाली म्हणावी, मग शब्द न् शब्द फोडून फळ्यावर मराठी अर्थ लिहावा, शेवटी मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. उत्तर आलं नाही तर पुढच्या रविवारी शोधून आणू म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

त्या मुलीला आम्ही शब्दकोश उघडून दिला. तिने 'पाण' स्वतः शोधला, आणि लगेच विचारलं, "मग अतिपात म्हणजे?" कपाट तेव्हापासून उघडंच आहे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!