मंडईतील एक कागद

गेल्या नोव्हेंबरच्या आरंभी मी बडोद्याच्या खंडेराव मार्केटात फुले घ्यावयास गेलो होतो. 2 नोव्हेंबर हा आम्हा कॅथॉलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्या दिवशी कबरींवर फुले वाहण्याची रीत आहे. फुलवालीने झेंडू ज्या कागदात बांधून दिला, तो घरी आल्यावर मी सहज उलगडून पाहिला, तर तो जुन्या वहीतला, मोडी अक्षरांनी भरलेला कागद निघाला. इतकी वर्षे मुलांना मराठी शिकवणाऱ्या मला त्यातील चार शब्दही लागेनात. शेवटी शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडे मी तो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचले : तेल, गूळ, कंदिलाची काच, मुलाची पाटी. हा कुणाच्या तरी घरचा जमाखर्च होता. मात्र वरचा कोपरा फाटला होता आणि त्याबरोबर सालही गेले होते.

साल नाही आणि नावही नाही, तेव्हा तो कागद मला काय सांगणार? त्या दिवसापासून मी या प्रश्नाचा विचार करीत आहे. आजचे हे चार शब्द त्याविषयीच आहेत.

ज्या बाजारात हा कागद मिळाला त्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. 1856 पासून 1870 पर्यंत गादीवर असलेल्या खंडेराव महाराजांचे नाव या वास्तूला आहे. ती बांधविली सयाजीराव महाराजांनी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. तिच्या घुमटांखाली आज महानगरपालिकेची कचेरी आहे, आणि मागच्या अंगाला भाजीचा व फुलांचा बाजार भरतो. याच खंडेरावांनी मोत्यांचा एक गालिचा करविला होता. तो मदिनेस अर्पण करण्याचा त्यांचा संकल्प होता, असे सांगतात. हा गालिचा 2009 साली दोहा येथे लाखो डॉलरांना लिलावात विकला गेला. मोती सांभाळावे लागतात हे कुणास शिकवावे लागत नाही. कागदाचे तसे नसते. तो राहावयाचा तर त्याची किंमत ओळखणारा कुणीतरी भेटावा लागतो.

बडोद्याला अशी माणसे भेटली, हे या शहराचे भाग्य. येथील प्राच्यविद्यामंदिर 1949 साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा भाग आहे, पण त्यातील संग्रहाचा आरंभ संस्थानी काळातला. चिमणलाल दलाल नावाच्या पंडिताने पाटणच्या जैन भांडारांत बसून ताडपत्रे तपासली. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ 1916 साली छापला गेला, तो अशाच जुन्या प्रतींच्या आधारे. पुढे याच मंदिरात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. 1951 साली हाती घेतलेले हे काम 1975 पर्यंत चालले. निरनिराळ्या प्रांतांतून निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्या जमवून एकेक श्लोक ताडून पाहिला गेला. लेखकूच्या एका चुकीचाही विद्वानांनी तेथे विचार केला.

मराठी माणसास तर या शहराचे दुहेरी ऋण आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई 1889 पासून 1925 पर्यंत बडोद्याच्या सेवेत होते. राजपुत्रांना शिकविता शिकविता त्यांनी इतिहास लिहावयास घेतला. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात संपादित केले. त्या दप्तरांत तहनामे आणि लढायांची वर्तमाने आहेत, तशा हिशेबांच्या आणि साध्या नोंदींच्या राशीही आहेत. कारकुनाने ते कागद रुमालात बांधून ठेवले, तेव्हा आपण इतिहास राखीत आहोत असे त्याच्या मनातही नसेल. तो आपले रोजचे काम करीत होता.

येथे मला माझ्या धर्मपरंपरेतील एक उदाहरण आठवते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोमंतकात 1616 साली छापले गेले. 1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. छापले म्हणजे टिकले, ही आपली समजूत किती फोल आहे ते यावरून दिसते. ग्रंथ टिकला तो हातांनी उतरून घेतलेल्या प्रतींमुळे. साध्या भाविकांच्या घरी तो वाचला जाई, गाइला जाई, आणि पान जीर्ण झाले की दुसऱ्या पानावर उतरविला जाई. अशा हस्तलिखितांवरून 1907 साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. पुढे लंडनच्या प्राच्यविद्यासंस्थेतील मार्सडेन संग्रहात त्याची देवनागरी प्रतही आढळली. त्या उतरून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे आपणास माहीत नाहीत. परंतु त्यांनी आळस केला असता, तर मराठीतील एक थोर काव्य आपण केवळ नावानेच ओळखले असते.

पोथी आणि पुराण यांना निदान पावित्र्याचे कवच असते. खरी काळजी वाटते ती ज्या कागदाला हे कवच नाही त्याची : पावतीची, हस्तपत्रकाची, लग्नपत्रिकेची, नाटकाच्या जाहिरातीची, शाळेच्या हजेरीपटाची. हे कागद एका दिवसापुरते जन्मास येतात. पण जे राजपत्रात येत नाही ते पुष्कळदा त्यांच्यातच असते.

शिक्षकाच्या अनुभवातलाच दाखला देतो. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो राज्यभर लागू केला. हा कायदा हिंदुस्थानला भूषणावह होता, यात संशय नाही. त्याचे शब्द ग्रंथालयात वाचावयास मिळतात. पण मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होत असे. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजारात येणाऱ्या बाईला धाकटे मूल सांभाळावयास थोरली मुलगी घरी हवी असेल, तर त्या दंडाचा अर्थ तिला काय वाटला असेल? आणि तीच मुलगी पुढे अक्षरे गिरवू लागली, तेव्हा त्या घरात काय बदलले असेल? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही. ते दंडाच्या पावतीत, हजेरीपटातील रिकाम्या चौकोनात आणि घरच्या जमाखर्चात ‘पाटी’ म्हणून लिहिलेल्या एका शब्दात असेल. कायदा किती चांगला होता हे राजपत्र सांगेल. तो कुणास किती जड गेला आणि कुणास किती उपकारक झाला, हे असे कागदच सांगतील.

विद्यापीठाच्या ग्रंथालयास ज्यांचे नाव आहे त्या हंसाबेन मेहता या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघेल अशी मूळ शब्दयोजना होती. तिच्या जागी ‘सर्व मानव’ हे शब्द यावेत म्हणून त्यांनी आग्रह धरला. आज जाहीरनामा वाचणाऱ्यास त्या आग्रहाची खूण कोठेही दिसत नाही. कच्चे मसुदे आणि बैठकांची टिपणे राखली गेली, म्हणूनच तो आपणास कळतो.

परंतु कागद राखून अर्धेच काम होते. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जात होती. आता ती सहज वाचणारे थोडे उरले आहेत. ज्याला अक्षर लागत नाही त्याच्या हाती दप्तर आणि रद्दी सारखीच. माझ्या हाती तसेच झाले, हे मी आरंभी कबूल केलेच आहे. यंदा सुटीत त्या वृद्ध गृहस्थांकडे बसून मी मोडीची मुळाक्षरे गिरवावयास लागलो आहे. चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी होण्यात थोडा संकोच वाटतो, पण गुरुजी मायाळू आहेत.

आपणांस माझी विनंती इतकीच. घरातील जुनी ट्रंक उघडाल तेव्हा कागद रद्दीत घालण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या माणसास ते दाखवा. कुणाचा, कोणत्या सालचा, एवढे पेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्याबरोबर ठेवा. मोडी असेल तर वाचणारा शोधा. आपल्या घरी जागा नसेल तर एखाद्या संग्रहालयास विचारा.

झेंडूची फुले मी कबरीवर वाहिली. तो कागद मात्र माझ्या बायबलात ठेवला आहे. त्या घरातले ते मूल पाटी घेऊन कोणत्या शाळेत गेले, हे मला कधी कळणार नाही. वरचा कोपरा तेवढा शाबूत असता, तर शोधता आले असते.