विल्डिंगचे छायाचित्र आणि न्यूव शापेलची भिंत

१/ पांढरी लांब विजार, पांढरा सदरा, हातात लाकडी रॅकेट. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या छायाचित्रांत न्यूझीलंडचा टेनिसपटू अँथनी विल्डिंग असा दिसतो. फ्रान्समधील ज्या युद्धभूमीवर त्याचा अंत झाला, तिच्याशी महाराष्ट्राचेही नाते आहे.

२/ विल्डिंगचा जन्म ३१ ऑक्टोबर १८८३ रोजी क्राइस्टचर्चचा. शिक्षण केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात, पेशा वकिलीचा, छंद मोटारसायकलवरून युरोपभर भटकण्याचा. १९१० ते १९१३ अशी सलग चार वर्षे विंबल्डनचे पुरुष एकेरीचे विजेतेपद त्याच्याकडे होते.

३/ १९१४ च्या जुलैअखेरीस अमेरिकेत पिट्सबर्ग येथे डेव्हिस कपसाठी ऑस्ट्रेलेशिया आणि जर्मनी समोरासमोर आले. सामना ऑस्ट्रेलेशियाने जिंकला. तो सरतो न सरतो तोच युरोपात युद्धाचा वणवा पेटला. मायदेशी निघालेल्या दोघा जर्मन खेळाडूंना ब्रिटिशांनी वाटेतच कैद केले. विल्डिंग आणि नॉर्मन ब्रूक्स यांनी ऑगस्टमध्ये अमेरिकेला हरवून चषक जिंकला. त्यानंतर काही आठवड्यांतच विल्डिंग सैन्यात दाखल झाला.

४/ ९ मे १९१५. उत्तर फ्रान्समधील ओबेर रिजची लढाई. चिलखती मोटारींच्या दलात कॅप्टन असलेला विल्डिंग न्यूव शापेलजवळच्या एका खंदकघरात होता. दुपारी त्यावर तोफगोळा कोसळला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. त्या एका दिवसात ब्रिटिश सेनेचे ११ हजारांहून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. भारतीय कोअरच्या मेरठ डिव्हिजननेही त्याच सकाळी याच आघाडीवर चढाई केली होती.

५/ भारतीय सैनिकांना ही भूमी नवी नव्हती. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या न्यूव शापेल गावात घुसल्या होत्या. या दलात मराठा, शीख आणि मुसलमान जवान होते. पूल बांधणे, खंदक खणणे हे ज्यांचे काम, ते त्या दिवशी संगिनी लावून गल्लीगल्लीत लढले. कुमक न आल्याने गाव सोडावे लागले आणि दोन्ही कंपन्यांतील बहुतेक ब्रिटिश अधिकारी मृत वा जखमी झाले.

६/ या आघाडीशी हिंगोलीचाही दूरचा संबंध पोहोचतो. १९०३ पर्यंत हिंगोली ही निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्याच फौजेच्या घोडदळातून ‘२० वी डेक्कन हॉर्स’ उभी राहिली. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वूडजवळ तिच्या स्वारांनी भाले रोखून मशीनगनच्या माऱ्यात घोडे घातले.

७/ विल्डिंगची कबर रिशबूर येथील सैनिकी दफनभूमीत आहे. त्याच परिसरात १९२७ साली उघडलेले भारतीय स्मारक उभे आहे. पश्चिम आघाडीवर मरण पावलेल्या, परंतु ज्यांची कबर सापडली नाही, अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची व मजुरांची नावे त्याच्या भिंतीवर कोरलेली आहेत.

८/ विल्डिंगला जग छायाचित्रांतून ओळखते. त्या भिंतीवरच्या बहुतेकांचे आपल्याकडे उरले आहे ते केवळ नाव, हुद्दा आणि पलटण. विल्डिंगचे जुने छायाचित्र समोर आले की ती नावेही आठवावीत. मृत्यूने त्यांना एकाच मातीत गाठले होते.