रामा शेट्टी आवाज चढवत नाही : सदाशिव अमरापूरकर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. नेहमीप्रमाणे बोलण्यातले "अं" आणि "म्हणजे बघा ना" गाळलेत. सगळे नाही, काही राहिलेत.

इंग्रजीत ज्याला कॅरेक्टर अॅक्टर म्हणतात त्याला आपण चरित्र अभिनेता म्हणतो. म्हणजे पोस्टरवर ज्याचा चेहरा नसतो, पण जो काढून टाकला तर पिक्चर कोसळतो. रॉजर एबर्ट नावाच्या अमेरिकन समीक्षकाने याबद्दल गमतीत एक नियम केला होता. हॅरी डीन स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श, या दोघांपैकी कोणीही ज्यात छोट्या भूमिकेत असेल, तो सिनेमा अगदीच वाईट असू शकत नाही. हा नियम आपल्याकडे आणायचा आणि त्यात सदाशिव अमरापूरकरांचं नाव घालायचं, तर पहिल्याच टेस्ट केसला तो फेल जातो. ऐंशी-नव्वदच्या दशकातले अगदी टुकार हिंदी सिनेमे काढा, त्यातल्या बऱ्याच सिनेमांत ते सापडतील. आणि तरीही मला ते या दोघांच्या तोडीचे नट वाटतात. हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, हा आजचा विषय.

माझ्या पिढीची त्यांच्याशी ओळख उलट्या बाजूने झाली. आम्ही मुलुंडला टीव्हीवर शंभरदा लागणारा "इश्क" बघत मोठे झालो. त्यात अजय देवगण आणि आमीर खानला छळणारे दोन श्रीमंत बाप आहेत, त्यातले एक हे. "कुली नं. १" मधले लग्न जुळवणारे शादीराम घरजोडेही हेच. मला ते विनोदी काकाच वाटायचे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला "अर्धसत्य" पाहिला तेव्हा मी मध्येच थांबवून नाव तपासलं. तोच माणूस होता.

जन्म ११ मे १९५०, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. मूळ नाव गणेशकुमार नरवोडे. मित्रांमध्ये "तात्या". सदाशिव अमरापूरकर हे नाव त्यांनी १९७४ मध्ये रंगभूमीसाठी घेतलं. पुणे विद्यापीठातून इतिहासात एम. ए. केलं होतं. ही माहिती मी मुद्दाम सांगतेय, कारण तिचा पुढे संबंध आहे, आणि शिवाय आपला पॉडकास्ट इतिहासाचा आहे, तर आपलाच माणूस म्हणायचा. सिनेमात आले ते १९७९ मध्ये, जयू आणि नचिकेत पटवर्धन यांच्या "२२ जून १८९७" मधून. चापेकर बंधू आणि रँडच्या खुनावरचा हा मराठी चित्रपट. त्यात त्यांनी काय केलं माहितीये? लोकमान्य टिळक. ज्या माणसाला पुढे हिंदीने खलनायकांच्या रांगेत कायमचं बसवलं, त्याची पहिली भूमिका टिळकांची होती.

मग १९८१-८२ च्या सुमाराला "हँड्स अप" हे नाटक आलं. दिग्दर्शन त्यांचंच, सोबत भक्ती बर्वे आणि अविनाश मसुरेकर. ते गाजलं, आणि त्यातूनच गोविंद निहलानींची नजर त्यांच्यावर पडली. निहलानी तेव्हा "अर्धसत्य"साठी रामा शेट्टी शोधत होते.

इथे थोडं थांबू या, कारण "अर्धसत्य" (१९८३) हिंदी असला तरी आतून किती मराठी आहे हे बघण्यासारखं आहे. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची "सूर्य". पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे, आणि नाव ज्या कवितेवरून आलं ती दिलीप चित्र्यांची. अशा घरात अमरापूरकर शिरले. नायक सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर, म्हणजे ओम पुरी, हा सतत आतून उकळणारा माणूस. एका अर्धवट जाळलेल्या माणसाने रामा शेट्टीचं नाव घेतलेलं असतं, म्हणून वेलणकर त्याला अटक करायला त्याच्या अड्ड्यावर जातो. शेट्टी चिडत नाही, धमकावत नाही, फक्त एक फोन लावतो. पलीकडे वरचा अधिकारी असतो. वेलणकरला हात हलवत परत जावं लागतं.

हा सीन मी किती वेळा पाहिलाय याचा हिशेब नाही. हिंदी सिनेमातला व्हिलन तोवर बहुतेक वेळा मोठा दिसायचा. मोठा अड्डा, मोठं हसू, मोठा आवाज. "शोले"चा गब्बर आठवा. अमरापूरकरांचा शेट्टी म्हणजे लुंगीतला, आरामात बसलेला, जवळजवळ कंटाळलेला माणूस. सत्ता ज्याच्याकडे खरंच असते त्याला ती दाखवावी लागत नाही, हे त्यांनी एक शब्दही न वाढवता दाखवलं. शेवटी सस्पेन्ड झालेला वेलणकर मदत मागायला त्याच्याच दारात येतो तेव्हाही शेट्टीचा सूर तोच राहतो. तो सूरच असह्य होतो, आणि वेलणकर त्याचा गळा दाबतो. वय होतं जेमतेम तेहतीस. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. इंडस्ट्रीने पुरस्कार दिला आणि मग नेमकं तेच मागितलं जे त्यांनी त्या भूमिकेत केलं नव्हतं. ओरडा. डोळे फिरवा. "आखरी रास्ता" (१९८६) मध्ये अमिताभसमोर, "हुकूमत" (१९८७) मध्ये धर्मेंद्रसमोर. "हुकूमत" तुफान चालला, मग असल्या भूमिकांची रांगच लागली. यातल्या बऱ्याचशा भूमिकांबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, म्हणून पुढे जाते.

"सडक" (१९९१) मात्र टाळता येत नाही. महेश भट्टचा हा सिनेमा मार्टिन स्कॉर्सेसीच्या "टॅक्सी ड्रायव्हर"वरून उचललेला. तिथे हार्वी कायटेलने दलाल केला होता, इथे अमरापूरकरांनी महारानी केली : साडी, दागिने, कोठा चालवणारी हिजडा मालकीण. फिल्मफेअरने नकारात्मक भूमिकेसाठी पुरस्कार सुरू केला आणि तो सर्वात पहिल्यांदा त्यांना मिळाला. आज तो सिनेमा बघताना मला अस्वस्थ वाटतं. महारानीची भीती मुख्यतः ती हिजडा असण्यातून उभी केलीय, आणि त्या प्रतिमेने खऱ्या माणसांचं नुकसानच केलं असं माझं स्पष्ट मत आहे. पण नटाकडे बघाल तर घाबरायला होतं, हेही खरं. पडद्यावर ते आले की बाकी सगळे फिके पडतात.

आता याच्या शेजारी दुसरा सिनेमा ठेवा. "दोघी", सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर, १९९५. म्हणजे "कुली नं. १" चंच वर्ष. एकाच वर्षी हाच माणूस गोविंदासमोर शादीराम घरजोडे आणि इथे मामा. गावातलं गरीब घर, दोन बहिणी. मोठीच्या, गौरीच्या, लग्नाच्या दिवशीच वऱ्हाडाला अपघात होतो आणि घर कोसळतं. मग मामा तिला मुंबईला नेतो. कसल्या कामाला, ते तुम्हाला कळतं. धंदा तोच आहे जो महारानीचा, मुलीला बाजारात उभं करण्याचा. पण इथे दागिने नाहीत, खर्जातलं हसू नाही. इथे एक नातेवाईक आहे, ज्याला बहिणीच्या घराची खरोखर काळजी आहे आणि ज्याच्याकडे दुसरा उपाय नाही, किंवा तसं त्याने स्वतःला पटवलंय. महारानीला बघून आपण घाबरतो आणि घरी जातो. मामाला बघून वाटतं, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. माझ्या आजीने "दोघी" टीव्हीवर पाहिला तेव्हा ती त्याला शिव्या देत नव्हती, नुसती गप्प होती.

"सडक"चे प्रेक्षक किती आणि "दोघी"चे किती, हे सांगायला नको.

स्टँटनचं उदाहरण सुरुवातीला दिलं ते यासाठीही. त्याला आयुष्यभर छोट्या भूमिका केल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९८४ मध्ये "पॅरिस, टेक्सास"मध्ये मध्यवर्ती भूमिका मिळाली. अमरापूरकरांचं उलट झालं. सर्वोत्तम गोष्ट आधी मिळाली, आणि पुढची तीस वर्षं तिच्या सावलीत गेली. त्यांना याचं किती वाटत होतं ते मी कशाला सांगू? पण मिळालेली प्रसिद्धी आणि वेळ त्यांनी कुठे नेला, ते दिसतं. ते अंधश्रद्धा निर्मूलन समितीसोबत होते, सामाजिक कृतज्ञता निधीत होते, नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाच्या कामात होते (तो इतिहासाचा एम. ए. इथे येतो). आणि नगरच्या "स्नेहालय"शी जोडलेले होते. ही संस्था १९८९ पासून वेश्याव्यवसायात अडकलेल्या बायकांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी काम करते. पडद्यावर महारानी आणि मामा, आणि इकडे हे. मला हे कळलं तेव्हा मी "दोघी" पुन्हा लावला.

शेवटची वर्षं आपल्याच उपनगरातली. ते अंधेरीला वर्सोव्यात, पंच मार्ग परिसरात राहायचे. मार्च २०१३ : महाराष्ट्रात भीषण दुष्काळ, मराठवाड्यात पाण्याचे टँकर, आणि वर्सोव्यात धुळवडीला पाण्याचे फवारे लावून रेन डान्स. बासष्ट वर्षांचे अमरापूरकर तिथे गेले आणि म्हणाले, पाणी वाया घालवू नका. त्यांना धक्काबुक्की झाली. बातमी दोन दिवस चालली. रामा शेट्टीचं काम एका फोनवर व्हायचं. खऱ्या आयुष्यातला माणूस गर्दीत उभा राहून विनवत होता आणि कोणी ऐकत नव्हतं. मी हल्ली घाटकोपरहून मेट्रोने वर्सोव्याला ऑफिसला जाते, त्यामुळे हे सगळं किती जवळ घडलं ते नीट कळतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, मे २०१३ मध्ये, "बॉम्बे टॉकीज" आला. त्यात दिबाकर बॅनर्जींनी सत्यजित रायांच्या "पटोल बाबू, फिल्म स्टार" या कथेवरून केलेला एक भाग आहे. नवाजुद्दीन सिद्दिकी मुंबईतल्या चाळीत राहणारा अपयशी नट आहे. त्याला शूटिंगमध्ये एका सेकंदाचं काम मिळतं : हिरोला धडकायचं, बस. आणि या एका सेकंदाची तालीम करताना त्याला एक भूत भेटतं, जुन्या रंगभूमीवरचं, त्याला खडसावणारं. ते भूत म्हणजे अमरापूरकर. मोजकी मिनिटं आहेत. आवाज चढतो, पण "हुकूमत"सारखा नाही, तालमीत दिग्दर्शक रागावतो तसा. बघितला नसेल तर आज रात्री बघा, अर्धा तासही लागणार नाही.

३ नोव्हेंबर २०१४ ला अंधेरीच्या कोकिलाबेन हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या आजाराने ते गेले. चौसष्ट वर्षांचे होते. अंत्यसंस्कारासाठी त्यांना नगरला नेण्यात आलं.

पुढच्या भागात भेटू. कोणावर बोलायचं ते अजून ठरलेलं नाही, नावं सुचवलीत तर बरं होईल.