हलत्या चित्राचे औषध

१८९६ साली मुंबईत दोन पाहुणे आले. ७ जुलैला वॉटसन्स हॉटेलात एक रुपया तिकीट लावून ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. आणि पावसाळा सरता सरता मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताने, म्हणजे प्लेगने, पाऊल टाकले. एक पाहुणा डोळ्यांना सुखविणारा, दुसरा प्राण घेणारा. एकाच नगरीत, एकाच वर्षी आलेल्या या दोघांची गाठ मात्र पडली नाही. ती पडती तर पुष्कळ काही टळले असते, असे मला वाटते.

कारण लोक प्लेगला भ्याले त्याहून अधिक इस्पितळाला भ्याले. रोग्याला ओढून नेतात, तेथे त्याचे काय करतात कोण जाणे, अशी बोलवा उठली. आणि ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. घरोघर रोगी लपविले जाऊ लागले. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी आपण सिद्ध केलेली लस प्रथम स्वतःच्याच अंगी टोचून घेतली. पण चार भिंतींआड घडलेली ती गोष्ट सामान्य माणसाने कोठे पाहिली होती? पुढे पुण्यात घरझडत्यांचा अतिरेक झाला आणि २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर गोळी झाडली गेली. त्या कहाणीत जुलूम आहे, राजकारण आहे. परंतु आणखी एक गोष्ट आहे. ज्याच्या अंगावर उपाय करायचा, त्याला तो काय आहे हे कोणी धडपणे दाखविलेच नव्हते.

दाखविण्याची कला आपल्याकडे नव्हती, असे नव्हे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ घेऊन काचेवरची रंगीत चित्रे पडद्यावर नाचवीत होते. १९१२ साली दादासाहेब फाळके यांनी तर ‘रामा’, ‘कृष्णा’ला हात घालण्यापूर्वी एक वाटाणा कुंडीत पेरला, त्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि अंकुराची महिन्याभराची वाढ क्षणात डोळ्यांपुढे उभी केली. जे इतके सावकाश घडते की डोळ्याला दिसत नाही, ते या यंत्राने दाखविता येते, हे त्या वाटाण्याने सिद्ध केले. आणि वाचकहो, पुष्कळसे रोग या वाटाण्यासारखेच वाढतात!

नारूचेच पाहा. मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना हा रोग सांगायला नको. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, तेच प्यायचे. आणि वर्षभराने पायाच्या फोडातून पांढरा दोरा बाहेर यायचा. पाणी आणि दोरा यांच्यामध्ये साऱ्या वर्षाचे अंतर. मग एकाचा दुसऱ्याशी संबंध लावायचा कोणी? दैवाकडे बोट दाखविणे सोपे होते. या रोगावर लस नाही, तो मारणारे औषधही नाही. तरीही देशातल्या ज्या सात राज्यांत तो होता, त्यांतून तो गेला. महाराष्ट्र त्यांपैकीच एक. पाणी फडक्याने गाळणे, विहिरींचे रूप पालटणे आणि घरोघर जाऊन समजावणे, मुख्यतः अशाच शस्त्रांवर ही लढाई झाली. जुलै १९९६ मध्ये शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. समजूत हेच औषध असू शकते, याला याहून मोठा दाखला कोणता?

आता आजच्या जालन्याकडे येऊ. १ मे १९८१ रोजी हा जिल्हा वेगळा झाला. मंठा, परतूर, भोकरदन, जाफराबाद अशा दूरदूरच्या तालुक्यांतून माणूस पहाटेची एस.टी. धरून जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात येतो. पुढे काय? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६७ देशांचा हिशेब मांडला होता: स्वीडनमध्ये डॉक्टर एका रोग्याला २२ मिनिटांहून अधिक वेळ देतो, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे सुमारे २ मिनिटे. चार तासांत १२० रोगी तपासायचे म्हटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनच मिनिटे येणार, हे गणित सातवीतला पोरही सांगेल. त्यात डॉक्टरचा दोष नाही. परंतु गोळी जेवणाआधी की नंतर, पायाची जखम कशी धुवायची, कोणते लक्षण दिसले तर परत धावत यायचे, हे विचारायचे राहून जाते. आणि राहून गेलेला तो प्रश्नच आठ दिवसांनी पुन्हा रांगेत येऊन उभा राहतो.

येथे चित्रफीत उपयोगी पडते. साखरेच्या वीस रोग्यांना तेच पथ्य वीस वेळा सांगताना माणूस थकतो. फीत थकत नाही. नूरा हेल्थ या संस्थेने कर्नाटक आणि पंजाबातील सरकारी रुग्णालयांत हाच मार्ग धरला. तेथे परिचारिका रोग्याच्या नातलगांना छोट्या फिती दाखवितात आणि घरची शुश्रूषा शिकवितात. औषध रोग्याला, शिकवण घरच्यांना!

जालन्यानेही एक प्रसंग पाहिला आहे. २ जानेवारी २०२१ रोजी करोनाच्या लसीची रंगीत तालीम झाली, तेव्हा महाराष्ट्रात तिच्यासाठी पुणे, नागपूर, नंदुरबार आणि जालना हे चार जिल्हे निवडले होते. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे याच जिल्ह्यातले. थांबण्याची खोली, टोचण्याची खोली, नंतर अर्धा तास बसविण्याची खोली, हे सारे लस येण्यापूर्वीच दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसले. हाफकिनच्या वेळी भिंतीआड राहिलेली गोष्ट या वेळी उघड्यावर आली. भीती सगळी गेली असे नव्हे. ज्या पडद्यावर खरी माहिती आली, त्याच पडद्यावर अफवाही आल्या.

म्हणूनच एक पथ्य पाळायला हवे. चित्र बोलते, पण ऐकत नाही. “माझ्या सासूबाईंना रक्तदाबही आहे, मग काय करू?” या प्रश्नाला फीत उत्तर देत नाही, ते गावच्या आशाताईंनी किंवा परिचारिकेनेच द्यावे लागते. फीत आपल्या बोलीत असावी, थोडक्यात असावी, आणि ती संपल्यावर “काय समजलं, सांगा बरं” असे विचारणारे माणूस शेजारी असावे. नारूला गावाबाहेर घालविले ते अशाच माणसांनी. फितीने वाचविलेला वेळ या विचारपुशीसाठी खर्च झाला, तर दवाखान्याची रांगही ओसरेल आणि परतूरला परतणाऱ्या रोग्याला घरी काय करायचे तेही ठाऊक असेल.