दुसऱ्यांदा पाहण्याचा अधिकार : अमेरिकन फुटबॉल, कॅमेरा आणि पंचांच्या चुका

१/
६ डिसेंबर १९९८. न्यू जर्सीतील जायंट्स स्टेडियम. सामन्याची शेवटची काही सेकंदे उरली होती. सिॲटल सीहॉक्स ३१, न्यूयॉर्क जेट्स २६. जेट्सचा क्वार्टरबॅक व्हिनी टेस्टावर्डी चेंडू छातीशी धरून गोलरेषेकडे झेपावला आणि खेळाडूंच्या ढिगात कोसळला. पंचाने दोन्ही हात वर करून टचडाउनची खूण केली. जेट्सने सामना ३२-३१ असा जिंकला.
काही क्षणांतच दूरचित्रवाणीवर तोच प्रसंग पुन्हा दाखवण्यात आला. रेषेपलीकडे पोहोचले होते ते टेस्टावर्डीचे पांढरे हेल्मेट. चेंडू अलीकडेच राहिला होता.

२/
घरी बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला ही चूक दिसत होती. ती दुरुस्त करण्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता, त्या पंचांना मात्र ते चित्र पाहण्याची मुभा नव्हती. सिॲटलची बाद फेरी हुकली आणि मोसमाअखेर प्रशिक्षक डेनिस एरिक्सन यांना पद गमवावे लागले.
यातील विलक्षण भाग असा की चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, पूर्वी होती. सहा वर्षे वापरून १९९२ मध्ये संघमालकांनी ती स्वतःच बंद केली होती. हा इतिहास यंत्राचा आहे, त्याहून अधिक तो अधिकाराचा आहे.

३/
प्रथम खेळाविषयी थोडे. मैदान शंभर यार्डांचे, प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू. आक्रमक संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. चेंडू गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे सहा गुण. फेकलेला चेंडू जमिनीला लागण्यापूर्वी झेलला तर पास पूर्ण. धरलेला चेंडू हातातून निसटला तर तो 'फम्बल', आणि मग जो उचलेल त्याचा.
१९७८ पासून मैदानावर सात पंच असतात. बावीस धिप्पाड देह एकाच क्षणी एकमेकांवर आदळत असताना चेंडू नेमका कोठे होता, हे त्यांनी डोळ्यांनी टिपायचे आणि तत्काळ सांगायचे.

४/
कॅमेरा या खेळात शिरला तो न्यायासाठी नव्हे, करमणुकीसाठी. ७ डिसेंबर १९६३ रोजी फिलाडेल्फियात आर्मी आणि नेव्ही या लष्करी अकादमींचा सामना होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येमुळे तो आठवडाभर पुढे ढकलला गेला होता. सीबीएस वाहिनीचा तरुण दिग्दर्शक टोनी व्हर्ना याने अर्ध्या टनाहून जड असे ध्वनिचित्रमुद्रण यंत्र सोबत आणले होते. फितीवरचा हवा तो क्षण चटकन सापडावा, म्हणून त्याने तिच्या ध्वनिपट्टीवर खुणेचे आवाज नोंदवले होते.

५/
आर्मीचा क्वार्टरबॅक रॉली स्टिचवे याने टचडाउन केले आणि पाठोपाठ तेच दृश्य पुन्हा पडद्यावर झळकले. प्रेक्षक गोंधळतील या धास्तीने समालोचक लिंडसे नेल्सन यांना आवर्जून सांगावे लागले की आर्मीने पुन्हा गुण मिळवलेले नाहीत. जग ज्याला 'इन्स्टंट रिप्ले' म्हणते, त्याची सुरुवात सहसा याच प्रसंगापासून मानली जाते.
त्या दिवसापासून एक जुना समतोल ढळला. तोवर पंच आणि प्रेक्षक एकच गोष्ट एकदाच पाहत. आता प्रेक्षक दोनदा पाहू लागला. पंच मात्र एकदाच.

६/
२३ डिसेंबर १९७२, पिट्सबर्ग. ओकलंड रेडर्स ७-६ ने पुढे, २२ सेकंद बाकी. स्टीलर्सच्या टेरी ब्रॅडशॉने फेकलेला चेंडू फ्रेंची फुकुआ आणि रेडर्सचा जॅक टेटम यांच्या धडकेतून उसळून मागे आला. फ्रँको हॅरिसने तो जमिनीलगत झेलला आणि थेट गोलरेषा गाठली.
तेव्हाचा नियम असा होता की आक्रमक संघाच्या एका खेळाडूला लागलेला चेंडू, मध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श न होता, त्याच संघातील दुसऱ्याने झेलला तर पास बाद. म्हणजे सामन्याचा निकाल एकाच प्रश्नावर अवलंबून होता : चेंडू फुकुआला लागला की टेटमला?

७/
मुख्य पंच फ्रेड स्वेरिंजेन यांनी सहकाऱ्यांशी चर्चा केली आणि मैदानालगतच्या दूरध्वनीवरून पत्रकार कक्षातील आर्ट मॅकनॅली यांच्याशी बोलणे केले. मॅकनॅली हे लीगच्या पंचविभागाचे प्रमुख. त्यानंतर टचडाउन जाहीर झाले. त्या संभाषणात चित्रफितीचा आधार घेतला गेला का, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. लीगने ते नेहमीच नाकारले.
संशय का उद्भवला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वर बसलेल्या माणसाला दूरचित्रवाणी उपलब्ध होती. ती असताना त्याने पाहिली नसेल, यावर कोण विश्वास ठेवणार?

८/
मॅकनॅली यांनी हा प्रश्न टाळला नाही. १९७८ च्या मोसमापूर्वी सात सराव सामन्यांत चित्रफितीने निर्णय तपासण्याचा प्रयोग झाला. उपकरणे महाग, कॅमेरे अपुरे आणि वेळ फार जातो, असा अनुभव आला. प्रयोग तेथेच थांबला.
दीडच वर्षाने, ६ जानेवारी १९८० रोजी, ह्यूस्टन ऑयलर्सच्या माइक रेनफ्रोने पिट्सबर्गच्या गोलक्षेत्राच्या कडेला चेंडू झेलला. पाय रेषेच्या आत होते असे प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा दिसत राहिले. पंचांनी पास अपूर्ण ठरवला. १७-१७ अशी बरोबरी होऊ शकली असती. ह्यूस्टन अखेर २७-१३ ने हरले आणि सुपर बोल पिट्सबर्गच्या वाट्याला आला.

९/
लीगचा नियम बदलायचा तर तीन चतुर्थांश मालकांची मते लागतात. मार्च १९८६ मध्ये २३ विरुद्ध ४ अशा मतांनी, एक तटस्थ, चित्रफितीची सोय स्वीकारली गेली. वरच्या कक्षात एक स्वतंत्र अधिकारी बसे. तो चित्र पाही आणि बिनतारी संचावरून खाली निरोप देई.
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेडर्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स यांच्या सामन्यात वरून निरोप आला : 'पास इनकम्प्लीट'. खाली तो 'पास इज कम्प्लीट' असा ऐकला गेला. चित्रात नीट दिसलेले सत्य तारेविना हरवले आणि चुकीचे टचडाउन कायम राहिले. रेडर्स २४-१७ ने जिंकले.

१०/
५ नोव्हेंबर १९८९, ग्रीन बे. शिकागो बेअर्स १३-७ ने पुढे होते. शेवटच्या मिनिटात पॅकर्सच्या डॉन मॅकाउस्कीने स्टर्लिंग शार्पला टचडाउनचा पास दिला. फेकताना तो खेळ सुरू होण्याची रेषा ओलांडून गेला होता, असे म्हणत पंचाने पास अवैध ठरवला. वरच्या कक्षातील अधिकाऱ्याने जवळपास पाच मिनिटे चित्र न्याहाळले आणि निर्णय फिरवला. पॅकर्स १४-१३ ने विजयी झाले.
बेअर्सने आपल्या वार्षिक माहितीपुस्तिकेत त्या निकालापुढे तारांकन छापले आणि पुढे कित्येक वर्षे ते छापत राहिले. चित्रफीत वाद मिटवण्यासाठी आली होती. येथे तिनेच नवा वाद उभा केला.

११/
१९८६ ते १९९१ या सहा मोसमांत २,९६७ प्रसंग बारकाईने तपासले गेले आणि ३७६ निर्णय बदलले. म्हणजे आठांतील सुमारे एक. यावर दोन प्रामाणिक मते होती. एक : ३७६ अन्याय टळले. दुसरे : आठांतील सात वेळा खेळ उगाच थांबला, आणि बदललेले सर्वच निर्णय तरी अचूक होते का?
मार्च १९९२ मध्ये मतदान झाले. सोय चालू ठेवण्याच्या बाजूने १७ मते, विरोधात ११. बहुमत बाजूने असूनही आवश्यक २१ मते मिळाली नाहीत. कॅमेरे मैदानावर तसेच राहिले. पंचांचा पडदा तेवढा काळा झाला.

१२/
योगायोग असा की त्याच वर्षी, १४ नोव्हेंबर १९९२ रोजी, डर्बनच्या कसोटीत सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाच्या निर्णयाने धावबाद झाला. कसोटी क्रिकेटमध्ये अशा रीतीने बाद ठरलेला तो पहिला फलंदाज. एक खेळ ज्या दारातून आत येत होता, त्याच दारातून दुसरा खेळ बाहेर पडला होता. तंत्रज्ञान उपलब्ध झाले म्हणजे ते आपोआप स्वीकारले जाते आणि एकदा स्वीकारले की परत जात नाही, हा समज या एका वर्षावरून तपासून पाहावा.

१३/
एनएफएलला परतावे लागले ते टेस्टावर्डीच्या हेल्मेटमुळे. मार्च १९९९ मध्ये २८ विरुद्ध ३ मतांनी चित्रफीत पुन्हा आली, पण अधिकाराची वाटणी नवी होती. प्रशिक्षकाला सामन्यात दोन आव्हाने मिळाली. आव्हान फसले तर संघाचा एक टाइमआउट जाणार. शेवटच्या दोन मिनिटांत वरचा कक्ष स्वतःहून तपासणी मागणार. अंतिम निर्णय मात्र मैदानावरचा मुख्य पंच, पडदा लावलेल्या पेटीत डोके घालून, नव्वद सेकंदांत देणार.
पूर्वी वरचा माणूस खालच्याचा निर्णय फिरवी. आता ज्याची जबाबदारी, त्यालाच दुसऱ्यांदा पाहण्याचा अधिकार मिळाला.

१४/
कसोटी एकच ठेवली गेली : निर्णय बदलायचा तर 'निर्विवाद दृश्य पुरावा' हवा. शंका राहिली तर मैदानावरचा मूळ निर्णय कायम. त्यामुळे तोच प्रसंग, तेच चित्र असूनही निकाल वेगळा लागू शकतो, कारण पंचाने प्रथम काय म्हटले यावर पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते ते ठरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा पेच अपरिचित नाही. साधन एकच असते. प्रस्थापित मत मोडायला किती पुरावा पुरेसा मानायचा, यावर निष्कर्ष बदलतो.

१५/
१९ जानेवारी २००२, फॉक्सबरो. हिमवर्षाव. रेडर्स १३-१० ने पुढे, दोन मिनिटांहून कमी वेळ. चार्ल्स वुडसनच्या धडकेने न्यू इंग्लंड पॅट्रियट्सच्या टॉम ब्रेडीच्या हातून चेंडू निसटला आणि रेडर्सने तो ताब्यात घेतला. सामना संपल्यात जमा होता.
मुख्य पंच वॉल्ट कोलमन यांनी चित्र पाहिले आणि पास अपूर्ण ठरवला. १९९९ च्या एका नियमानुसार फेकण्यासाठी पुढे आलेला हात चेंडू परत अंगाशी घेत असताना चेंडू सुटला, तरी तो पासच मानला जाई. पॅट्रियट्सने बरोबरी साधली, जादा वेळेत १६-१३ ने विजय मिळवला आणि पुढे आपला पहिला सुपर बोल जिंकला.

१६/
येथे चित्र स्पष्ट होते आणि नियमाचे वाचनही नियमाला धरून होते. तरीही बघणाऱ्या बहुतेकांना निर्णय पटला नाही, कारण तो नियमच सामान्य समजुतीला सोडून होता. तो २०१३ मध्ये रद्द झाला.
असेच 'झेल' या शब्दाचे झाले. ११ जानेवारी २०१५ रोजी डॅलसच्या डेझ ब्रायंटने ग्रीन बेच्या गोलरेषेजवळ उडी मारून घेतलेला चेंडू प्रथम झेल ठरला. चित्रफीत पाहून तो नाकारण्यात आला, कारण जमिनीवर पडताना चेंडू हलला होता. डॅलस २६-२१ ने हरले. संथ गतीच्या चित्राने व्याख्येतील भेगा उघड्या केल्या आणि २०१८ मध्ये व्याख्याच नव्याने लिहावी लागली.

१७/
२० जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्स. सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स २०-२० असे बरोबरीत होते. सुपर बोलचे दार समोर. चेंडू पोहोचण्यापूर्वीच रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने सेंट्सच्या टॉमीली लुइसला धडक देऊन पाडले. उघड नियमभंग होता. एकाही पंचाने पिवळा रुमाल टाकला नाही आणि चित्रफीत कामी आली नाही, कारण असा नियमभंग हा पंचाच्या विवेकाचा विषय म्हणून तपासणीच्या कक्षेबाहेर ठेवलेला होता. रॅम्स जादा वेळेत २६-२३ ने जिंकले. काही चाहत्यांनी लुइझियानाच्या न्यायालयांत दावेही दाखल केले.

१८/
दोन महिन्यांत ३१ विरुद्ध १ मतांनी नियम बदलला आणि हाही नियमभंग तपासणीखाली आला. परंतु 'रेषा ओलांडली का?' या प्रश्नाचे उत्तर चित्र देऊ शकते. 'धक्का कितपत गंभीर होता?' याचे उत्तर पाहणाऱ्याच्या मतावर राहते. त्या मोसमभर प्रशिक्षकांची आव्हाने एकामागून एक फेटाळली गेली आणि कोणता धक्का निर्णय फिरवण्याजोगा, हे कोणालाच उमगेना. एका मोसमानंतर, २०२० मध्ये, तो नियम पुढे चालू ठेवला गेला नाही.

१९/
या साऱ्या घटना एका ओळीत मांडल्या तर क्रम स्पष्ट होतो. प्रत्येक सुधारणा एखाद्या संघाच्या पराभवाची किंमत देऊन आली, आणि प्रत्येक सुधारणेने चूक नाहीशी करण्याऐवजी तिची जागा बदलली. डोळ्यांतली चूक बिनतारी संचात गेली, तेथून नियमाच्या शब्दांत, आणि शेवटी कोणत्या गोष्टी तपासायच्या नाहीत या यादीत. तरी टेस्टावर्डीसारखी चूक आज सहसा निभावून जात नाही, हा लाभ खराच आहे.

२०/
२०१७ पासून चित्रफितीवरचा अंतिम निर्णय मैदानावर होत नाही. तो न्यूयॉर्कमधील लीगच्या नियंत्रण कक्षात होतो. त्या कक्षाला आर्ट मॅकनॅली यांचे नाव आहे. १९७२ चा दूरध्वनी त्यांनीच घेतला होता, १९७८ चा प्रयोगही त्यांच्याच काळातला. २०२२ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात स्थान मिळवणारे ते पहिले पंच ठरले. २०२३ च्या पहिल्याच दिवशी, ९७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.
मैदानावरून वर बसलेल्या माणसाला विचारणे, ही १९७२ मध्ये लीगला नाकारावीशी वाटलेली गोष्ट होती. आज तीच नियमपुस्तकात लिहिलेली कार्यपद्धती आहे.